मुंबईत प्रदर्शनं आणि नाटकं बघायची, तर खर्च किती?

मुंबईत चित्रप्रदर्शन, संग्रहालय किंवा नाटक बघणं महागात पडतं, असं समजून कितीतरी कुटुंबं रविवारी मॉलमध्ये जातात. तिथे चौघांच्या खाण्यावर जेवढे पैसे उडतात, तेवढ्यात काळा घोडा परिसरातला अख्खा दिवस होतो आणि वर नाटकाचं एखादं तिकीटही निघतं. पैसे वाया जातात ते टॅक्सीत, ऑनलाइन बुकिंगच्या शुल्कात आणि बंद दारापर्यंत जाऊन परत येण्यात.

म्हणून सगळ्यात आधी वार बघा. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (लोक ‘एनजीएमए’ म्हणतात) सोमवारी बंद. जुहूचं पृथ्वी थिएटरही सोमवारी बंद. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि त्याला लागूनची राणीची बाग बुधवारी बंद. फोर्ट-कुलाब्यातल्या बहुतेक खासगी गॅलऱ्या रविवारी बंद, आणि नेमकं हेच नोकरदारांच्या लक्षात येत नाही. काळा घोड्याचं जहांगीर कलादालन मात्र सोमवारीही उघडं असतं. एका दिवसात सगळं उरकायचं असेल, तर शनिवार धरा.

सुरुवात काळा घोड्यापासून करा. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून चालत पंधरा-वीस मिनिटं. भुयारी मेट्रोने आलात, तर हुतात्मा चौक स्थानकावर उतरा. तिथून अंतर आणखी कमी. चालायचं नसेल तर बेस्ट आहे: साध्या बसचं किमान भाडं १० रुपये, वातानुकूलित बसचं १२. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये. मीटर न टाकता ‘शंभर द्या’ म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. उपनगरातून येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेला येत नाही. आणि स्वतःची गाडी आणू नका. पार्किंग शोधण्यात अर्धा तास जातो आणि त्याचे पैसे वेगळे.

जहांगीर कलादालन: प्रवेश विनामूल्य, वेळ सकाळी ११ ते संध्याकाळी ७, ओळखपत्र लागत नाही. प्रदर्शनं साधारण आठवडाभराची, बहुतेक मंगळवारी सुरू होऊन सोमवारी संपणारी. चित्रकार स्वतः तिथे बसलेले असतात. त्यांच्याशी बोला, मुलांना प्रश्न विचारू द्या. चित्र घ्यायलाच हवं असा काही नियम नाही. बाहेर फुटपाथवर बसल्या बसल्या चेहरा काढून देणारे कलाकार भेटतील. खुर्चीत बसण्याआधी रक्कम ठरवा: एका चेहऱ्याचे किती, रंगात किती, कागदाचे वेगळे का.

चित्र घ्यायचंच असेल, तर तीन गोष्टी विचारा. किमतीत फ्रेम धरली आहे का? घरपोच पाठवण्याचा खर्च कोणाचा? जीएसटी किमतीत आहे की वर? चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलात जुना दर दिसला तर तिथल्या तिथे दाखवून द्या. थोडक्या पैशांत चांगलं काम हवं असणाऱ्यांनी सर जे. जे. कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन चुकवू नये. सीएसएमटीपासून अगदी जवळ, प्रवेश विनामूल्य, आणि विद्यार्थ्यांची कामं नावाजलेल्या चित्रकारांच्या मानाने खूपच स्वस्त मिळतात.

खासगी गॅलऱ्यांत जायला लोक बिचकतात. काचेचं दार, आत शांतता, कधी कधी दाराला घंटा. घंटा वाजवा आणि आत जा. प्रवेशाला पैसे नाहीत, नाव-गाव लिहून घेतील इतकंच. फोन नंबर द्यायचा नसेल तर देऊ नका. जानेवारीत ‘मुंबई गॅलरी वीकेंड’ असतो, तेव्हा एका फेरीत बऱ्याच गॅलऱ्या होतात.

एनजीएमएचं तिकीट भारतीयांना २० रुपये, परदेशी नागरिकांना ५००. अमेरिकेहून किंवा इंग्लंडहून आलेली भाचे-पुतणे मंडळी सोबत असतील, तर त्यांना ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) बरोबर ठेवायला सांगा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या अधिसूचनेनुसार राष्ट्रीय स्मारकं आणि संग्रहालयांत ओसीआयधारकांना भारतीयांइतकंच प्रवेशशुल्क आहे. नुसतं मराठी बोलून चालत नाही, कार्ड दाखवावं लागतं. चौघं असतील तर १९२० रुपये वाचतात. एक काळजी घ्या: एक प्रदर्शन उतरवून दुसरं लावताना एनजीएमएची दालनं बंद असू शकतात. निघण्याआधी फोन करा.

समोरच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. प्रौढांचं तिकीट दीडशे-दोनशेच्या घरात, लहान मुलांचं बरंच कमी. विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिकांनी ओळखपत्र काढूनच ठेवावं. सवलत मागावी लागते, आपणहून कोणी देतच असं नाही. कॅमेरा आणि ऑडिओ गाइडचं शुल्क तिकिटात धरलेलं आहे का, हे खिडकीवरच विचारून घ्या. किमान तीन तास हवेत. सहाला बंद होतं, म्हणून दुपारी तीनच्या आधी आत शिरा. मोठी बॅग घरी ठेवा.

भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय फक्त १० रुपयांत. माझ्या मते इतक्या कमी पैशांत याहून देखणी इमारत मुंबईत बघायला मिळत नाही. राणीच्या बागेचं तिकीट मात्र वेगळं: प्रौढांना ५० रुपये, मुलांना २५, आणि आई-वडील व दोन मुलांचं मिळून १००. हे कौटुंबिक तिकीट नाव घेऊन मागा, नाहीतर चार सुटी तिकिटं हातात पडतील.

आता नाटक. मराठी नाटकाच्या पुढच्या रांगांचं तिकीट साधारण ५०० रुपयांपर्यंत, बाल्कनीचं त्याहून कमी. नाटकाच्या तिकिटावर ५०० रुपयांपर्यंत जीएसटी नाही. त्यावर गेलं की १८ टक्के. संगीत मैफलीलाही हाच नियम. म्हणजे १००० रुपयांची मैफल ११८० रुपयांना पडते. ऑनलाइन काढलंत तर प्रत्येक तिकिटामागे सुविधा शुल्क आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी. चौघांचं बुकिंग करताना ही रक्कम बारीकसारीक राहत नाही. शिवाजी मंदिर, दीनानाथ, यशवंत, गडकरी रंगायतन यांपैकी कोणतंही नाट्यगृह घराजवळ असेल तर तिकीट खिडकीवर जा. तिथे आसनांचा तक्ता समोर असतो, खांब किंवा कठडा कुठे आड येतो ते विचारता येतं. खिडकी दिवसभर उघडी नसते. वेळ वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीत बघा.

पृथ्वीला उशीर चालत नाही. दार बंद झालं की तिकीट असूनही प्रवेश नाही आणि पैसे परत नाहीत. जागा क्रमांकाने नसतात, त्यामुळे अर्धा तास आधी रांगेत उभे राहा. अगदी लहान मुलांना सोबत नेणार असाल, तर वयाची अट आधी वाचा. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राची कार्यक्रमपत्रिका दर महिन्याला चाळा. त्यात विनामूल्य कार्यक्रमही असतात आणि तिथे आधी येणाऱ्याला आधी जागा मिळते.

काळा घोडा कला महोत्सव जानेवारीअखेर-फेब्रुवारीत नऊ दिवस चालतो. प्रवेश विनामूल्य आहे. कोणी पास विकायला आलं तर घेऊ नका. शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. मधल्या वारी दुपारी जा. सभागृहातल्या आणि कार्यशाळांच्या कार्यक्रमांना आधी नोंदणी लागू शकते, ती वेळापत्रक जाहीर होताच करा.

जहांगीर, एनजीएमए आणि वस्तुसंग्रहालय मिळून दोन मोठे आणि दोन मुलं यांचा तिकिटांचा खर्च चार-पाचशे रुपये धरा. प्रवास आणि साधं जेवण वेगळं. नाटक त्याच दिवशी घालू नका, मुलं दमतात आणि तिकिटाचे पैसे झोपेत जातात.

तिकीट आणि बिल संध्याकाळपर्यंत जपून ठेवा. कार्यक्रम रद्द होऊनही पैसे परत मिळाले नाहीत, किंवा सीलबंद पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.