दुखत नसतांना दवाखान्यांत कां जावें?

आमच्या खेड्यांतील लोकांमध्यें दवाखान्याविषयीं एक समजूत फार खोलवर रुजलेली आहे. ती ही कीं, दवाखाना म्हणजे दुखणाइताची जागा. ताप चढला, हाड मोडलें, विंचू चावला, म्हणजे तेथें जावें, आणि बरें वाटलें कीं त्याचें नांव सोडावें. ही समजूत धडधाकट पुरुषाच्या बाबतींत कांहीं अंशीं चालून जाते. गरोदर स्त्री व तान्हें मूल यांच्या बाबतींत मात्र ती घातक आहे. कारण त्यांच्यासाठीं डॉक्टर जें काम करितो, त्यांतील बहुतेक तीं निरोगी असतांनाच करावयाचें असतें. हेंच या धड्यांत आम्हांस मांडावयाचें आहे. उपदेशक बंधूंनीं हा धडा सासवा व नवरे हजर असतील अशा सभेंत वाचून दाखवावा. केवळ सुनांना वाचून दाखविण्यानें फारसें साधणार नाहीं. दवाखान्यांत जावयाचें कीं नाहीं हें बहुधा त्या ठरवीत नाहींत.

एक संवाद आमच्या जिल्ह्यांत थोड्याफार फरकानें पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येतो. सून पांच महिन्यांची गरोदर. सासू तिला घेऊन आलेली, पण नाखुषीनें.

"डॉक्टरसाहेब, आमच्या वेळेस कोण जात होतं दवाखान्यात? घरातच झाली सारी बाळंतपणं."

"आजी, तुम्हाला लेकरं किती झाली?"

"सात."

"त्यातली वाचली किती?"

म्हातारी कांहीं वेळ बोलत नाहीं. मग "चार," असें म्हणते आणि सुनेला पुढें करिते.

त्या गेलेल्या तीन लेकरांची गणती कोणत्याहि वहींत नसते, पण आईला ती पाठ असते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचें नांव वाचकांनीं ऐकलें असेल. चौदाव्या वर्षीं त्यांना मुलगा झाला, व योग्य उपचार न मिळाल्यामुळें तो दहा दिवसांत दगावला. त्या दुःखांतून डॉक्टर होण्याचा निश्चय त्यांच्या मनांत उत्पन्न झाला, आणि १८८६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें त्यांनीं वैद्यकाची पदवी मिळविली. पुढच्याच वर्षीं क्षयानें त्यांचा अंत झाला. आपल्या मेहकर तालुक्याच्या पलीकडे वाशीम आहे. त्यास पूर्वी बासीम म्हणत. तेथें १९३८ सालीं नाझरीन मिशनच्या डॉ. ऑर्फा स्पायकर या बाईंनीं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलें. पुरुष डॉक्टरापुढें जाण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या स्त्रिया ज्या काळीं होत्या, त्या काळीं जवळपास एक स्त्री-डॉक्टर असणें ही केवढी गोष्ट होती, हें आजच्या मुलींस सांगूनहि कळावयाचें नाहीं.

आतां डॉक्टराकडे केव्हां जावें हें पाहूं. आमच्याकडे पहिले तीन महिने दिवस राहिल्याची गोष्ट लपविण्याची चाल आहे. दृष्ट लागेल असें भय वाटतें. पण नेमकी पहिली तपासणी याच तीन महिन्यांत व्हावयास पाहिजे. त्यानंतर सातव्या महिन्यापूर्वी एकदां, सातव्या-आठव्या महिन्यांत एकदां व नवव्यांत एकदां, अशा निदान चार तपासण्या हव्यात. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर स्त्रियांस डॉक्टराकडून मोफत तपासण्याची योजना २०१६ सालापासून आहे. ही तारीख मंडळींतील प्रत्येक घरास ठाऊक असावी.

तपासणींत काय करितात? वजन घेतात, दंडास पट्टा बांधून रक्तदाब पाहतात, बोटास टोंचून रक्त घेतात, लघवी तपासतात, पोटावर हात ठेवून गर्भाची वाढ पाहतात. हें पाहून पुष्कळ स्त्रिया म्हणतात, "औषध तर कांहीं दिलेंच नाहीं, मग गेलों कशाला?" त्यांना सांगावें कीं, पहिल्या खेपेस लिहिलेला आंकडा दुसऱ्या खेपेस बोलूं लागतो. तिसऱ्या महिन्यांत रक्तदाब किती होता हें लिहिलेलें असेल, तरच आठव्या महिन्यांत तो वाढला हें समजतें. वरचा आंकडा १४० किंवा खालचा ९० झाला, लघवींत प्रथिन उतरूं लागलें, हातातोंडावर सूज आली, डोकें ठणकूं लागलें, डोळ्यांपुढें अंधारी येऊं लागली, तर पुढें झटके येण्याचा धोका असतो. झटके आले म्हणजे कोणी बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावीत बसतात, आणि त्यांत जो तास जातो तोच आईच्या व बाळाच्या जिवाचा असतो. पुष्कळदां रक्तदाब वाढला तरी स्त्रीला कांहीं दुखत नाहीं. म्हणूनच तिनें दुखण्याची वाट पाहूं नये.

रक्ताविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें अवश्य आहे. कारण आमच्या स्त्रियांचा खरा रोग हाच. गरोदर स्त्रीच्या रक्तांत हिमोग्लोबिन ११ तरी असावें. तें ७ च्या खालीं गेलें तर तिला मोठ्या दवाखान्यांतच नेलें पाहिजे. आता आमच्या घरांतील रीत पाहा. कापूस वेचणीच्या दिवसांत ती पहांटे उठून भाकरी थापते, दिवसभर वांकून वेचते, आणि रात्रीं सर्वांचें जेवण झाल्यावर टोपलींत जें उरेल तें खाते. अशा स्त्रीच्या अंगांत रक्त कोठून असणार? बाळंतपणांत थोडाबहुत रक्तस्राव सर्वांसच होतो. धट्टीकट्टी स्त्री तो सोसते; पांढुरकी पडलेली स्त्री तेवढ्यानेंच जाते, आणि लोक म्हणतात कीं तिचें आयुष्यच तेवढें होतें.

यासाठीं चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणें लोहाच्या १८० गोळ्या, व बाळंतपणानंतर आणखी १८० गोळ्या फुकट देतात. त्या किती घरांत फडताळावर पडून राहतात हें आम्हीं पाहिलें आहे. गोळीनें शौचास काळें होतें, म्हणून स्त्री घाबरते. तें लोहामुळें होतें व त्यांत भय नाहीं. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्यावी, पण बंद करूं नये. गोळीबरोबर चहा मुळींच पिऊं नये, कारण चहा लोह अंगीं लागूं देत नाहीं. लिंबाचें पाणी मात्र मदत करितें. चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, गोळी निराळ्या वेळीं घ्यावी. गोळीनें पोटांतील मूल फार मोठें होतें व बाळंतपण अडतें, अशी एक भीति काहीं सासवा घालतात. ती खोटी आहे. आणि सासवांनीं रागावूं नये, पण गोळीइतकेंच महत्त्व पहिल्या पंगतीला आहे. सुनेला गरम भाकरी, हरभऱ्याची किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी व वाटीभर वरण पहिल्या पंगतींत मिळावें.

पोटांतील बाळ यंत्रावर पाहतात, त्यास सोनोग्राफी म्हणतात. बाळाची वाढ, वार कोठें आहे, जुळें आहे काय, हें त्यांत कळतें. मुलगा कीं मुलगी हें विचारणें व सांगणें १९९४ च्या कायद्यानें गुन्हा आहे. आमच्या जिल्ह्यास मातृतीर्थ म्हणतात, कारण १५९८ सालीं जिजाबाईंचा जन्म सिंदखेड राजा येथें झाला. त्याच जिल्ह्यांत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें मुली २००१ च्या जनगणनेंत ९०८ होत्या, त्या २०११ सालीं ८५५ उरल्या. या उण्या झालेल्या मुली कांहीं साथीनें गेल्या नाहींत. आमच्या मंडळीचीं घरें यांतून अगदीं निराळीं आहेत, असें म्हणावयाचें धाडस आम्हांस होत नाहीं.

बाळंतपण कोठें करावें याविषयीं आतां फारसा वाद उरलेला नाहीं. वाद उरला आहे तो निघण्याच्या वेळेचा. जळगांव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या कुशींतल्या गांवांस पावसाळ्यांत नाला आडवा येतो, हें नवव्या महिन्यांत आठवून चालत नाहीं. २०११ पासून सरकारी दवाखान्यांत बाळंतपण, औषध, रक्त, जेवण व नेण्या-आणण्याची गाडी हीं सर्व मोफत आहेत. १०२ व १०८ हे आंकडे भिंतीवर खडूनें लिहून ठेवावे. बुलढाण्यास जिल्हा स्त्री रुग्णालय व खामगांवास सामान्य रुग्णालय आहे. यांपैकीं कोठें जावयाचें, सोबत कोण, मागें घरीं लेकरांपाशीं कोण, हें आधींच ठरलेलें असावें.

बाळाच्या पहिल्या महिन्याकडे आतां वळूं. आमच्या आज्यांच्या वेळीं नाळ विळ्यानें कापीत व तीवर राख किंवा शेण लावीत. त्यांतून धनुर्वाताचे जंतु शरीरांत शिरत. मूल चार-पांच दिवस चांगलें दूध पिई, आणि आठवड्याच्या अखेरीस त्याचा जबडा बसे, अंग ताठ होई. पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवाई येऊन कपाळीं लिहून जाते, ही समजूत याच दिवसांभोवतीं कां गुंफली गेली असावी, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. गरोदरपणीं घेतलेल्या दोन सुया व स्वच्छ पात्यानें कापलेली नाळ यांनीं तें भय इतकें हटविलें कीं, माता व नवजात बालकें यांचा धनुर्वात देशांतून जवळजवळ नाहींसा झाल्याचें २०१५ सालीं जाहीर करण्यांत आलें. नाळेस कांहींच लावूं नये. ती कोरडी ठेवावी. जन्मल्याबरोबर बाळास न्हाऊं घालूं नये, पुसून गुंडाळावें. पहिल्या तासांतच आईच्या अंगावर घ्यावें, व पहिला पिवळा चीक टाकून न देतां पाजावा. मध, गुटी व पाणी हीं सहा महिने देऊं नयेत. अडीच किलोपेक्षां कमी वजनाचें मूल आईच्या उघड्या छातीशीं बांधून ऊब द्यावी.

हें सर्व शिकलेल्या डॉक्टरासच साधतें असें नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवच्याच स्त्रियांस शिकवून घरोघर नवजात बालकांची काळजी घेतली. तेथील ३९ गांवांत पहिल्या महिन्यांत मरणाऱ्या बाळांचें प्रमाण निम्म्याहून अधिक घटलें, व ही गोष्ट १९९९ सालीं जगापुढें प्रसिद्ध झाली. पुढें याच धर्तीवर आशाताईंनीं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं बाळ पाहावयास जावें असें ठरलें. तिला सव्वा महिन्याच्या विटाळाचें निमित्त सांगून दारांतून परत पाठवूं नये. तिच्याकडून एक विद्या मात्र प्रत्येक आईनें शिकून घ्यावी. खोकला असलेलें मूल शांत असतांना घड्याळ पाहून पुरें एक मिनिट त्याचे श्वास मोजावे. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, वर्षाखालील मुलाचे ५० किंवा अधिक, व पांच वर्षांखालील मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर तो न्यूमोनिया समजून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. बाळानें दूध सोडलें किंवा अंग गार पडलें, तरी तसेंच करावें. पोटावर बिब्बा घालून वाट पाहूं नये.

लशींचें वेळापत्रक येथें सबंध देत नाहीं. जन्मतां, दीड, अडीच व साडेतीन महिन्यांनीं, नवव्या महिन्यांत व सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, एवढे काळ ध्यानांत ठेवावे. सुई टोंचल्यावर रात्रीं थोडा ताप आला म्हणून पुढची चुकवूं नये. २०११ च्या जानेवारीनंतर आपल्या देशांत रानटी पोलिओनें एकहि मूल पांगळें झालेलें नाहीं. तें या थेंबांमुळेंच.

एक अडचण राहिली. पहिलें बाळंतपण माहेरीं होतें. मुलगी सातव्या महिन्यांत चिखलीकडून मलकापुराकडे किंवा मोताळ्याकडून लोणाराकडे जाते, आणि तिचें माता-बाल संरक्षण कार्ड सासरच्या पेटींत राहतें. माहेरच्या डॉक्टरापुढें ती जणूं काल जन्मल्यासारखी उभी राहते. मागचा रक्तदाब, मागचें रक्त, घेतलेल्या सुया यांतलें कांहींच त्यास ठाऊक नसतें. उपदेशकांनीं आपल्या वहींत मंडळींतील गरोदर स्त्रियांचीं नांवें व अपेक्षित तारखा लिहून ठेवाव्या, आणि मुलगी माहेरीं निघेल त्या दिवशीं जाऊन विचारावें कीं, कार्ड गांठोड्यांत घातलें काय? ती बाळ घेऊन परत येईल तेव्हांहि हेंच विचारावें; कारण बाळाची कोणती लस झाली व कोणती राहिली, हें त्याच कागदावर लिहिलेलें असतें.