दात : राखावा की काढावा?

'दुखतो आहे ना, मग काढून टाका,' हा सल्ला आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो. काही वर्षांपूर्वी आम्हीही तो मानला. खालची एक दाढ काढली, ठणका थांबला व विषय संपला असे समजून बँकेतील कामाला लागलो. पुढे शेजारची दाढ रिकाम्या जागेत कलली, वरची दाढ खाली उतरली आणि त्या बाजूने भाकरी चावणे अवघड झाले. तेव्हा वाचविलेल्या पैशापेक्षा अधिक खर्च नंतर करावा लागला. म्हणून थोडी माहिती वाचकांसमोर ठेवीत आहोत.

तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताचे वरचे कठीण कवच विरघळते. कीड दाताच्या नसेपर्यंत गेली नसेल तर ती कोरून खड्डा भरता येतो. पूर्वी यासाठी चांदी व पारा यांचे मिश्रण सर्रास वापरीत. आता दाताच्या रंगाचे कंपोझिट किंवा सिमेंट वापरतात. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

कीड नसेपर्यंत पोहोचली की रात्री ठणका लागतो. अशा वेळी रूट कॅनॉल करतात. आतील सडलेला भाग काढून मुळातील नळ्या स्वच्छ करतात व भरून बंद करतात. असा दात ठिसूळ होत असल्याने दाढेवर बहुधा कॅप बसवावी लागते. खर्च वाचविण्यासाठी कॅप टाळल्यास दाढ फुटण्याचा धोका राहतो.

प्रत्येक दात वाचतोच असे नाही. काढावाच लागला, तर रिकामी जागा भरण्याचे तीन मार्ग आहेत.

१) काढघाल करता येणारी कवळी : खर्च कमी. परंतु हिरडीखालील हाड हळूहळू झिजते व कवळी सैल होते. ती रात्री काढून पाण्यात ठेवावी.

२) ब्रिज : पक्का बसतो, मात्र त्यासाठी दोन्ही बाजूंचे दात, निरोगी असले तरी, घासावे लागतात.

३) इम्प्लांट : जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात लावतात. स्वीडनचे डॉ. ब्रानमार्क यांनी १९६५ मध्ये प्रथम रुग्णावर हा उपचार केला. हाड स्क्रूला घट्ट धरण्यास साधारण ३ ते ६ महिने लागतात. शेजारच्या दातांना हात लागत नाही, पण खर्च सर्वाधिक. तंबाखू व अनियंत्रित मधुमेह असल्यास तो अपयशी ठरण्याची शक्यता वाढते.

खर्चाची अडचण असणाऱ्यांनी मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत चौकशी करावी. तेथे खेपा जास्त पडतात, पण खर्च कमी येतो.

पालकांना एक विनंती. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे येणारी दाढ कायमची असते. 'दुधाची आहे, पडेल' म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. विद्यार्थ्यांनीही लक्षात ठेवावे : खेळताना कायमचा दात मुळासकट निघाला, तर मूळ न घासता तो दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे जावे. तो पुन्हा बसू शकतो.

मुदत ठेव मोडायला आलेला ग्राहक आमच्या काउंटरवर दहादा विचार करतो. मोडलेली ठेव पुन्हा ठेवता येते. काढलेली दाढ पुन्हा उगवत नाही. म्हणून दात काढण्यापूर्वी, 'हा वाचेल का?' एवढे दंतवैद्यांना आपण अवश्य विचारावे.