सुईचं अग्र आणि आमचा बांध



आजचं चिंतन उद्योगपर्वातलं. श्रीकृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापुरात जातात. पांडव पाच गावांवरही समाधान मानायला तयार असतात, पण दुर्योधन सुईच्या अग्राएवढी मातीसुद्धा द्यायला नाही म्हणतो. लहानपणापासून हे ऐकताना मी बिनधास्त पांडवांच्या बाजूचा. गेल्या महिन्यात गावी, कराड तालुक्यात गेलो आणि जरा गडबड झाली.

आमच्या आणि तात्यांच्या उसामध्ये एक बांध आहे. पूर्वी त्यावरून बैल जायचा, आता धड पाऊल मावत नाही. आबांचं म्हणणं, तात्यांचा ट्रॅक्टर दर नांगरटीला वीतभर आत येतो. तात्यांचं म्हणणं बरोबर उलट. सातारा-सांगलीकडच्या वाचकांना ‘बांध कोरणं’ समजवायला नको.

आबा म्हणाले, “तू पैसं दे, कोर्टात जाऊ.”

मी मोबाईलवर हिशेब केला. बांध ३३० फूट, पट्टी ९ इंच, म्हणजे साधारण २४८ चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, तेव्हा पाव गुंठाही नाही. हे सांगितल्यावर आबा म्हणाले, “मग त्यालाच सांग की, सोड म्हणून!”

लॉजिक बिनतोड होतं. दुर्योधन नेहमी बांधाच्या पलीकडेच राहतो, नाही का?

शास्त्रांनीही हा विषय हलका मानलेला नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातल्या अठरा व्यवहारपदांत सीमावाद एक आहे. हद्द ज्येष्ठात ठरवावी, तेव्हा खुणा उघड्या दिसतात. हद्दीवर वड-पिंपळासारखी झाडं लावावीत. शिवाय जमिनीखाली राख, कोळसा, कोंडा, खापऱ्या पुराव्यात, कारण हद्दीबाबत माणसांची गफलत होतच राहते. (हा बॅकअप मला भारी आवडला.) साक्षीदारांनी तांबडी वस्त्रं नि माळ घालून, डोक्यावर माती घेऊन हद्द सांगायची. डोक्यावर माती असताना खोटं बोलायला किती जड जात असेल!

आता त्या जागी मोजणीचा अर्ज आहे. सातबारावर क्षेत्र कळतं, हद्द कुठून जाते ते कळत नाही. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात फी भरून मोजणी मागवायची. हद्दीच्या खुणा जपायची जबाबदारी मात्र महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार जमीनधारकाचीच, आणि खूण मोडली तर दंड. शासनाने २०२३ मध्ये ‘सलोखा’ योजनाही आणली. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात बारा वर्षं असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १००० आणि नोंदणी फी १००० रुपये. आमचं प्रकरण त्यात बसत नाही, पण तुमच्या गावी कुणाचं बसत असेल तर जरूर सांगा.

रविवारी तात्यांकडे एकटाच गेलो. काकूंनी चहा दिला. म्हटलं, “तात्या, मोजणीची फी आम्ही भरतो. तुम्ही फक्त बांधावर हजर राहा. निघेल ती हद्द आम्हाला मान्य.”

तात्या बराच वेळ बशीकडे बघत बसले. मग म्हणाले, “आणि आमचंच तुमच्यात निघालं, तर आबा सोडतील व्हय?”

हे मी आबांना विचारलंच नव्हतं. आज रात्री फोन करतोय.