पोलादनगरीतील परदेशी शेजारी

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी नवी दिल्ली येथे एक करार झाला. वर्षाला १० लाख टन पोलाद निर्माण करणारा कारखाना सोव्हिएत साहाय्याने उभारावयाचा, असे त्यात ठरले. त्यासाठी मुंबई-हावडा लोहमार्गावरील भिलाई हे ठिकाण निवडण्यात आले. दुर्ग जिल्ह्यातील हे गाव त्या वेळी मध्य प्रदेशात होते. २००० सालापासून ते छत्तीसगड राज्यात आहे. राजहऱ्याचे लोहखनिज आणि नंदिनीची चुनखडी जवळच उपलब्ध होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

कारखान्याचा इतिहास सहसा टनांच्या आकड्यांत सांगितला जातो. परंतु यंत्रे जोडणारी माणसे परस्परांना समजू शकली नसती, तर ते आकडे कागदावरच राहिले असते. सोव्हिएत तज्ज्ञ शिकविण्यासाठी आले होते. मात्र ज्याला परक्या देशात शिकवावयाचे असते, त्याला प्रथम तेथे शिकावे लागते.

एक जुना प्रवासी

रशियातून भारतात येऊन राहिलेला माणूस ही नवी गोष्ट नव्हती. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्वेर नगरातील अफानासी निकितिन हा व्यापारी एक घोडा घेऊन कोकणातील चौल बंदरात उतरला. पावसाळ्यात त्याने जुन्नरला मुक्काम केला आणि पुढे तो बहामनी राज्याची राजधानी बीदर येथे गेला. त्याच्या गोऱ्या वर्णाचे नवल वाटून लोक त्याच्या मागे फिरत. आपण कोण आहोत व आपला धर्म कोणता, हे त्याने बीदरला मोकळेपणाने सांगितले. त्यानंतर तेथील लोकांनी आपले खाणेपिणे, व्यापार व पूजाअर्चा त्याच्यापासून लपविली नाही, अशी नोंद त्याने केली आहे. परक्या समाजाचे दार कसे उघडते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

भाषेचा उंबरठा

भिलाईत एका सूचनेला अनेकदा तीन भाषांतून प्रवास करावा लागे. तज्ज्ञ रशियन भाषेत बोले, दुभाषी ते इंग्रजीत अभियंत्याला सांगे आणि अभियंता ते हिंदीत किंवा छत्तीसगढीत कामगारापर्यंत पोचवी. वितळलेल्या लोखंडापाशी एका शब्दाची चूक प्राणावर बेतू शकते. म्हणून दुभाषी हा येथे केवळ मदतनीस नव्हता. सुरक्षिततेचा भार त्याच्यावरही होता.

लिपीही फसवी होती. रोमन ‘पी’सारखे दिसणारे अक्षर रशियनमध्ये ‘र’ असते, ‘एच’सारखे दिसणारे ‘न’ आणि ‘सी’सारखे दिसणारे ‘स’. इंग्रजी जाणणारा माणूस आराखड्यावरील शब्द आत्मविश्वासाने वाचावयास जाई आणि नेमका चुके.

उलट, काही शब्द मात्र ओळखीचे निघत. रशियन ‘त्रि’ म्हणजे तीन, ‘द्वेर’ म्हणजे द्वार आणि ‘अगोन्य’ म्हणजे अग्नी. या भाषांचे मूळ दूरच्या काळी एकच असल्याचा हा पुरावा आहे. अशा साम्याने भाषा येत नाही, पण परकेपणाची धार बोथट होते.

संबोधनाचा प्रश्न अधिक नाजूक असतो. रशियनमध्ये ‘ती’ म्हणजे तू आणि ‘वी’ म्हणजे तुम्ही. त्यामुळे आदरार्थी बहुवचनाची कल्पना दोन्ही बाजूंना समजावून सांगावी लागत नसे. भिलाईच्या उभारणीत सोव्हिएत तज्ज्ञांचे प्रमुख वेनियामिन एमानुइलोविच दिम्शित्स होते. यातील मधले नाव ‘एमानुइल यांचा पुत्र’ असा अर्थ सांगते. मराठी माणसाला ही पद्धत ओळखीची वाटेल. भेद इतकाच की, महाराष्ट्रात वडिलांचे नाव कागदोपत्री लिहिले जाते, तर रशियन माणूस आदर दाखविताना स्वतःचे नाव व पितृनाम ही दोन्ही उच्चारून हाक मारतो. ज्याला हे ठाऊक नाही, तो नकळत सलगी तरी दाखवितो किंवा दुरावा तरी.

घर आणि पाहुणचार

मे महिन्यात भिलाईचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. हिमप्रदेशातून आलेल्या कुटुंबाला दुपारी दारे-खिडक्या बंद ठेवणे, पहाटे कामे उरकणे, पाणी उकळून पिणे हे धडे शेजाऱ्यांकडून घ्यावे लागत. पुरुषांना कामाचा आधार होता. त्यांच्या पत्नींना मात्र भाषा येत नसताना बाजारात व शेजारात स्वतःची वाट शोधावयाची होती. स्थिरावण्याची खरी कसोटी त्यांचीच असे.

रीतिरिवाजांत साम्य आणि भेद हातात हात घालून येतात. घरात शिरताना पादत्राणे काढणे दोन्ही समाजांना मान्य आहे. उंबरठ्याचेही दोघांना महत्त्व आहे. रशियन माणूस उंबरठ्यापलीकडे उभ्या असलेल्या पाहुण्याशी हस्तांदोलन करीत नाही, कारण ते अशुभ मानले जाते. तेथे पाहुण्याचे स्वागत पाव आणि मीठ देऊन करण्याची जुनी चाल आहे. परंतु सम संख्येतील फुले तेथे अंत्यविधीसाठी नेतात, हे ठाऊक नसलेला यजमान सद्भावनेने सहा फुलांचा गुच्छ देऊन बसेल. त्याचप्रमाणे, उष्ट्याची कल्पना नसलेला पाहुणा आपल्या पानातील घास प्रेमाने पुढे करील. दोन्ही प्रसंगी हेतू निर्मळच असतो. उणीव असते ती माहितीची.

प्रवासाची दुसरी बाजू

याच काळात शेकडो भारतीय अभियंते व कुशल कामगार प्रशिक्षणासाठी सोव्हिएत पोलाद कारखान्यांत गेले. तेथे हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीस अंशांवर जातो, आणि शाकाहारी माणसाची जेवणाची पंचाईत होते. भिलाईत यजमान असलेला समाज तेथे पाहुणा झाला. परक्या ठिकाणी साधी विचारपूसही किती मोलाची असते, हे ज्याने तेथे अनुभवले, त्याला भिलाईतील परदेशी शेजाऱ्याची अडचण वेगळी समजावून देण्याची गरज उरली नाही.

कुंपण आणि ओळख

परदेशी तज्ज्ञांची वस्ती स्वतंत्र असली की सोय होते, पण शिकणे खुंटते. भिलाईच्या सेक्टर ७ मधील ‘रशियन कॉम्प्लेक्स’ हे नाव अशा वस्तीची आठवण देते. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना ढोबळ कल्पना सहज रुजतात. सोव्हिएत संघातून येणारा प्रत्येक जण भिलाईत ‘रशियन’ ठरे. वस्तुतः त्या संघात युक्रेनसारखी इतर प्रजासत्ताकेही होती. तसेच भिलाईचा प्रत्येक रहिवासी पाहुण्यांना केवळ ‘भारतीय’ दिसे. प्रत्यक्षात या नगरीत छत्तीसगढी शेतकऱ्याबरोबर मराठी, बंगाली, पंजाबी, तेलुगू व मल्याळी कुटुंबेही आली होती आणि त्यांपैकी बहुतेकांना तीही परकीच होती. शेजाऱ्याच्या घरातील सण, अन्न व भाषा समजून घेण्याचा अभ्यास सर्वांनाच करावा लागला.

भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून १९७२ साली भिलाईत ‘मैत्री बाग’ निर्माण झाली. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. बाग मात्र राहिली. करार राज्यांमध्ये होतात आणि राज्यांबरोबर त्यांचा अर्थही पालटतो. शेजारधर्म हा एकेका घराने एकेका घराशी जोडलेला असतो. म्हणूनच परदेशी जाणाऱ्याने भट्टीचे तापमान जितक्या काळजीने अभ्यासावे, तितक्याच काळजीने शेजाऱ्याचे नाव उच्चारावयास शिकावे.