जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर विकत घ्यायचाय? आधी ट्रान्सफॉर्मर बघा, मग भाव बोला

व्हिडिओत पैशाचा हिशेब घाईत उरकला होता, तो इथे नीट मांडतो.

भातसानगर, शहापूर, मुरबाड या पट्ट्यात गिटारचा जुना विलायती अँप्लिफायर शोधत फिरलात तर चपला झिजतील, हाती काही लागणार नाही. पण मंडपवाल्यांच्या माळ्यावर कर्ण्यांचे जुने सेट असू शकतात. अहुजा कंपनी १९४० पासूनची. लग्न, गणपती, जत्रा, सभा, सगळीकडे तिचे सेट वाजले. त्यातले व्हॉल्व्हवाले ट्रान्झिस्टर आल्यावर मागे पडले. गंमत म्हणजे मार्शलच्या जुन्या गिटार अँपमध्ये गाजलेला ईएल३४ व्हॉल्व्ह अशा कर्ण्यांच्या सेटमध्येही पुष्कळदा सापडतो. म्हणून गिटारवाले हे सेट शोधत असतात. तुमचं गिऱ्हाईक तेच.

मालकाशी बोलताना पहिला प्रश्न किमतीचा नको. "काका, किती वर्षं पडून आहे? बंद कसा पडला?" एवढंच विचारा. धूर निघून बंद पडला असेल तर सावध व्हा. नुसता वापरायचा थांबला असेल तर आशा आहे. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. कौलाखाली चार महिने ओल खाल्लेला ट्रान्सफॉर्मर आतून खराब झालेला असू शकतो, वरचा पत्रा कितीही चकचकीत असला तरी.

काका प्रेमाने म्हणतील, "थांब, लावून दाखवतो." तिथेच हात धरा! वर्षानुवर्षं बंद असलेल्या सेटचे फिल्टर कपॅसिटर थेट करंट दिला की फुटू शकतात, आणि जाताना ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातात. तुम्ही पैसे देणार आहात तीच वस्तू तुमच्यासमोर जळेल.

प्लग न लावता मीटर लावा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या वायरपासून दोन्ही पॉवर व्हॉल्व्हच्या प्लेटपर्यंतचं रीडिंग साधारण सारखं हवं. एका बाजूला काहीच आलं नाही तर वाइंडिंग तुटलंय. मग सेट फक्त भंगाराच्या भावात. मीटरला पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या आतला शॉर्ट मात्र कळत नाही. त्यासाठी सगळे व्हॉल्व्ह काढून सेट सिरीज बोर्डवर लावा, ६० वॅटच्या साध्या पिवळ्या बल्बमधून. एलईडी चालणार नाही. बल्ब मंद झाला तर ठीक. पूर्ण पेटून राहिला तर शॉर्ट आहे. पण बल्ब करंट रोखतो, शॉक रोखत नाही, हे विसरू नका.

आता हिशेब. समजा, दुरुस्त सेट १२,००० ला जाईल. व्हॉल्व्हची जोडी ४,०००, कपॅसिटर-रेझिस्टर १,२००, तीन पिनांची वायर, फ्यूज वगैरे ४००. लॅमिंग्टन रोडच्या फेऱ्या ४०० (आसनगावहून दादर, तिथून ग्रँट रोड). तुमची दोन दिवसांची मजुरी १,६००. गिऱ्हाईक परत आलं तर हाताशी १,०००. झाले ८,६००. उरले ३,४००. त्यात १,४०० नफा धरला तर खरेदी २,००० च्या वर जाता कामा नये. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही दुकानात विचारून भरा. मजुरीचा रकाना बहुतेकजण रिकामा सोडतात, आणि वर्षअखेरीस "धंदा चालतो पण पैसा दिसत नाही" म्हणतात.

जुने व्हॉल्व्ह लगेच फेकू नका. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी व्हॉल्व्ह बनवले, त्यातले चांगले निघाले तर ४,००० वाचतात.

दुरुस्तीत फिल्टर आणि कपलिंग कपॅसिटर बदलायचेच. कपलिंगवाला गळका राहिला तर पॉवर व्हॉल्व्ह लालभडक होऊन मरतो. आणि इथे मी कडक बोलणार आहे: आत ४०० व्होल्ट डीसी असतो, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतो. रेझिस्टरमधून उतरवून, मीटरवर शून्याजवळ आल्याचं बघूनच हात घाला. हे काम कधी केलं नसेल तर जुन्या रेडिओ मेकॅनिकला द्या. सेट शोधणं आणि विकणं हासुद्धा पूर्ण धंदाच आहे. त्याची मजुरी हिशेबात धरा, बस्स.

अर्थिंग जोडल्याशिवाय सेट कोणालाही देऊ नका. गिटारची तार वाजवणाऱ्याच्या बोटाखाली असते आणि ती थेट चेसिसला जोडलेली असते.

देताना चिठ्ठीवर लिहून द्या: स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नये. गिटारचा स्पीकर ८ किंवा १६ ओहमच्या टर्मिनलवर, जसा असेल तसा लावावा. १०० व्होल्टची लाइन कर्ण्यांसाठी आहे, तिथे लावू नये. खाली तारीख टाका, गिऱ्हाइकाची सही घ्या आणि फोटो काढून ठेवा.