बालभाषा आणि स्वमग्नता : प्रारंभीच्या खुणा

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला

• स्वमग्नतेकडे निर्देश करणाऱ्या भाषिक खुणा सांगता येतील.
• बोलीचे वेगळेपण आणि विकासातील अडचण यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• मदत कोठे मिळते, हे पालकांना सांगता येईल.

१. प्रास्ताविक

मूल पहिला शब्द उच्चारते त्याच्या कितीतरी आधी त्याचे संभाषण सुरू झालेले असते. हाक मारताच वळणे, हसण्याला हसून उत्तर देणे, बोटाने वस्तू दाखवणे ही त्या संभाषणाची रूपे होत. छपरावरचा कावळा दाखवून मूल आईकडे पाहते, तेव्हा त्याला कावळा नको असतो. आईनेही तो पाहावा, एवढेच हवे असते. या एकत्र पाहण्यावर पुढची सारी भाषा उभी राहते. म्हणून ‘मूल केव्हा बोलले?’ या प्रश्नाबरोबरच ‘ते कोणाशी बोलू पाहते का?’ हा प्रश्नही विचारला पाहिजे.

२. कोणत्या खुणा पाहाव्यात?

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे वर्णन केले. त्यांतील काही मुले ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी उच्चारत आणि ‘मी’च्या जागी ‘तू’ वापरत. मराठीतही असे आढळते. ‘तुला भूक लागली का?’ हे आईचे वाक्य मूल स्वतःच्या भुकेसाठी म्हणते. असा पुनरुच्चार निरर्थक नसतो. मागणी करण्याचा तो मुलाचा मार्ग असू शकतो.

पुढील खुणा आढळल्यास तपासणी करून घ्यावी :

• वर्षाच्या सुमारास नावाने हाक मारूनही मूल वळत नाही, बोटाने दाखवत नाही.
• सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही; दोन वर्षांपर्यंत स्वतः जुळवलेले दोन शब्दांचे वाक्य नाही.
• आलेले शब्द किंवा हावभाव कोणत्याही वयात नाहीसे झाले.
• नजरानजर कमी, एकच हालचाल पुनःपुन्हा, ठरलेला क्रम मोडताच तीव्र अस्वस्थता.

यांतील एखाद्या खुणेवरून निदान होत नाही. ते तज्ज्ञांचे काम आहे. कमी ऐकू येणे हेही न वळण्याचे व न बोलण्याचे कारण असू शकते. म्हणून श्रवणतपासणी आवश्यक ठरते.

३. बोलीभेद हा दोष नव्हे

भंडारा जिल्ह्यात झाडीबोली बोलली जाते. काही घरांत पोवारी वा गोंडी असते. झाडीबोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. असे उच्चारणारे मूल आपल्या घराची भाषा बिनचूक शिकले आहे. घरात दोन भाषा असल्यानेही स्वमग्नता उद्भवत नाही. याउलट, ‘आमच्या घराण्यात मुले उशिराच बोलतात’ असे म्हणून खरी खूण दुर्लक्षिली जाते आणि मदतीचे मोलाचे महिने निघून जातात. आईच्या संगोपनाला दोष देणे हेही निराधार आहे. स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था आहे.

४. मदतीचा मार्ग

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. या कार्यक्रमात आरोग्य पथकाने अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करणे अपेक्षित आहे. साकोली वा लाखांदूरच्या खेड्यातील पालकांनी पथकाची वाट पाहत न बसता अंगणवाडी सेविका, आशा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे शंका मांडावी आणि जिल्हा रुग्णालयात ‘शीघ्र हस्तक्षेप’ सेवेची चौकशी करावी. वाचा-उपचार व व्यवसायोपचार निदानाच्या कागदाची वाट न पाहता सुरू करता येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. त्यामुळे प्रमाणपत्र आणि शिक्षणातील सवलती मागता येतात.

घरी मूल ज्या वस्तूकडे पाहत असेल, तिचेच नाव छोट्या वाक्यात, आपल्या बोलीत सांगावे आणि त्याच्या प्रतिसादासाठी थोडे थांबावे.

५. सारांश

शब्द उशिरा येणे ही एक खूण आहे. संवादाची ओढ न दिसणे ही अधिक महत्त्वाची खूण आहे. बोलीभेदाला दोष मानू नये आणि खऱ्या खुणेला सवय मानू नये. शंका आली की तपासणी करावी. मूल निरोगी आढळले, तरी त्यात काही गमावले जात नाही.

स्वाध्याय

१. ‘तुला पाणी पाहिजे’ असे मूल स्वतःसाठी म्हणते. यातील सर्वनामाचा वापर स्पष्ट करा.
२. तुमच्या परिसरातील बोलीचे तीन उच्चारविशेष नोंदवा आणि ते दोष का नाहीत, ते लिहा.