समुद्रांतील बोये आणि आपला पाऊस

पेर केव्हां करावी हा शेतकऱ्याचा दरसालचा प्रश्न होय. त्याच्या उत्तराचा मोठा भाग समुद्रांत आहे. आपल्या पावसाचें बाष्प बहुतांशीं हिंदी महासागर व अरबी समुद्र यांवरून येतें. सबब त्या पाण्याची उष्णता व प्रवाह कळल्यावांचून पावसाचें अनुमान अपुरें राहतें. पूर्वीं ही माहिती मुख्यत्वें जहाजांवरून मिळे. परंतु जहाजें ठराविक मार्गांनींच जात, व बाकीचा विस्तीर्ण दर्या अज्ञातच राही. ही उणीव आतां यंत्रयुक्त बोयांनीं पुष्कळशी भरून काढली आहे. त्यांचे मुख्य प्रकार असे :—

(१) वाहता बोया. पृष्ठभागावर एक गोळा व त्याखालीं सुमारें १५ मीटर खोलीवर कापडी नळा असतो. नळ्यामुळें बोया वाऱ्यापेक्षां पाण्याच्या प्रवाहाबरोबर जातो. पाण्याचें उष्णतामान, व कित्येकदां हवेचा दाब, मोजून तो उपग्रहाच्या द्वारें कळवितो. या जागतिक योजनेनें १२५० बोयांची ठरविलेली संख्या २००५ सालीं गांठली.

(२) 'आर्गो' नांवाचें बुडणारें यंत्र. हें १००० मीटर खोलीवर वाहतें. दर दहा दिवसांनीं २००० मीटरपर्यंत उतरून वर येतांना उष्णता व क्षार मोजतें. आंतील तेल बाहेरच्या पिशवींत ढकललें म्हणजे वजन तेंच राहून आकारमान वाढतें, व यंत्र वर येतें. २००७ सालीं अशीं ३००० यंत्रें जगभर झालीं.

(३) नांगरलेला बोया. हा एकाच जागीं राहून वारा, लाटा व उष्णता मोजतो. भारतांत हें काम १९९६ सालीं चेन्नई येथील राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनें सुरू केलें.

या मोजणीचें महत्त्व १९९७ सालावरून दिसेल. त्या वर्षीं प्रशांत महासागरांत प्रबळ 'एल निनो' होता, म्हणून अवर्षणाची धास्ती होती. तथापि देशांत पाऊस सरासरीइतका झाला. त्या साली हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षां अधिक तापला होता, व हेंच एक कारण असें पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. अर्थात् एकाच समुद्राकडे पाहून भागत नाहीं.

तरी या अनुमानाची मर्यादा ओळखावी. पैसेवारी काढतांना गांवांतील प्रत्येक शेत कापून पाहत नाहींत; निवडक शेतांवरून गांवाचा अंदाज बांधतात. गांवाची पैसेवारी चांगली असली तरी एखाद्याचें शेत बुडालेलें असूं शकतें. हवामानखात्याच्या हंगामी अंदाजाचेंही तसेंच आहे. तो विस्तीर्ण प्रदेशाचा असतो, आपल्या शिवाराचा नव्हे.

सबब हंगामी अंदाजावरून पीक व बियाणें यांची तजवीज करावी. पेर मात्र ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनींत पुरेशी ओल झाल्यावरच करावी. पहिल्या सरीवर घाई करणारास दुबार पेरणीचा खर्च सोसावा लागतो, आणि तो भरून देण्याचें सामर्थ्य कोणत्याही यंत्रांत नाहीं.